खांबाला लावलेला कान

आधी एक ठोकळा डोळ्यांपुढे आण. काँक्रीटचा, राखाडी, सगळ्या बाजूंनी सारखा, वीतभराहून थोडा लहान. लहान दिसतो म्हणून एका हाताने उचलायला जाशील तर मनगट दुखेल. आता त्याच्या वरच्या बाजूला, कोपऱ्याजवळ बघ. तिथे एक खळगा आहे, लहानशा अंगठ्याचा. त्यात तुझा अंगठा ठेवून बघ. गार लागतं, आणि तळाशी किंचित खरखरीत. ज्या मुलीचा तो अंगठा, तिच्या डोक्यात आता आपल्याला जाऊन बसायचं आहे. तिथे बसलं की फार हलायचं नाही. तिला जे दिसेल तेच आपल्याला दिसेल, आणि जे कळायला तिला वेळ लागेल, त्याला आपणही वेळ देऊ.

तर त्या दुपारी ती सज्ज्यात उभी होती. शाळेच्या नव्या हॉलमध्ये मागच्या बाजूला, जिन्याने चढून जायचा एक लांबलचक सज्जा केला होता आणि गाणाऱ्या मुलांनी तिथे ओळीने उभं राहायचं होतं. हॉलचं उद्घाटन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं, म्हणून गाण्याच्या बाई घसा बसेपर्यंत सराव घेत होत्या. तिची जागा ओळीच्या टोकाला, खांबाशेजारी. दुसऱ्या बाजूला तिची मैत्रीण, जिला सगळी शाळा पेन्सिल म्हणायची, कारण ती उंच आणि बारीक होती आणि सारखी हरवायची. मधल्या कडव्याला मुलांची पाळी होती. त्या फावल्या वेळात तिचा हात खिशात गेला, खिशात कंपासपेटीतलं कर्कटक होतं, आणि खांबाच्या आतल्या अंगाला, जिथे गिलाव्याचा एक टवका उडाला होता तिथे, ती सहज कर्कटकाचं टोक घासायला लागली. काही काढायचं नव्हतं. बाकावर आपण करतो तसंच. आणि टोक आत गेलं. साबणात जावं तसं, न अडता, अर्धंअधिक आत. तिने ते दचकून बाहेर ओढलं तशी त्या भोकातून वाळू आली. बारीक धार, जराशी थांबून पुन्हा आलेली. ती पेन्सिलच्या बुटावर पडली. पेन्सिलने बूट झटकला, खांबाकडे पाहिलं आणि तोंडावर हात धरून कुजबुजली, "शाळा सांडायला लागली बघ." मागच्या दोघी फिसकन हसल्या. बाईंनी पट्टी आपटली. "त्या टोकाला काय चाललंय? नवीन हॉल आहे, रंग ओला असेल, हात लावू नका कशाला." मग मुलींचं कडवं आलं आणि ती गायलीसुद्धा. पण गाताना तिचं एक बोट मागे गेलं होतं. पेराने खांबावर हलकेच वाजवून ती ऐकत होती. गाण्यात नीट ऐकू येत नव्हतं. तरी बोटाला जे कळायचं ते कळलं. आवाज बद्द होता.

हे वाजवणं तिला बाबांनी शिकवलं होतं. बाबा नगरपालिकेत इंजिनिअर होते. पालिका जे जे बांधते, रस्ता, गटार, पाण्याची टाकी, शाळा, ते नीट बांधलं आहे का हे बघायचं आणि नीट असेल तर तशी सही करायची, हे त्यांचं काम. अगदी लहान असताना तिने विचारलं होतं, बघता म्हणजे काय करता, नुसतं बघत उभं राहायचे पैसे मिळतात का? बाबा इतके हसले होते की त्यांना खाली बसावं लागलं. मग तिला एका पुलाखाली घेऊन गेले. "डोळ्यांना काय कळतं? डोळ्यांना रंग दिसतो," ते म्हणाले. "आई कलिंगड घेताना काय करते? वाजवते. तसंच. आधी बोटाच्या पेराने हलकं, मग जरा जोरात, आणि मग कान लावायचा. घाई करायची नाही. चांगला माल खणखणीत बोलतो. आत काही कमी असलं की बद्द बोलतो. वरून किती का रंग द्या, आवाज बदलत नाही." माल म्हणजे सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी मिळून जे होतं ते. त्या दिवशी पुलाच्या पायाला कान लावून तिने वरून जाणाऱ्या गाड्या ऐकल्या होत्या, आणि त्या आवाजाच्याही आत, खूप आत, पूल बोलत होता असं तिला वाटलं होतं. घरी येऊन तिने जेवणाचं टेबल वाजवलं, बादली वाजवली, आईचं डोकं वाजवलं. आई म्हणाली होती, "तुझ्या बाबांचं वाजवून बघ. तिथे चांगला आवाज येईल." बाबांनी डोकं पुढे केलं होतं.

शाळेतून घरी येताना हे सगळं तिला आठवत होतं ते चित्रासारखं नव्हतं, चव आठवावी तसं होतं, आणि ती चव आज बिघडली होती. रस्ता नेहमीचा होता. चपलांचं दुकान, चाव्या करणारा, कोपऱ्यावरचा तो कुत्रा जो फक्त सायकलींवर भुंकतो. ती मनाशी म्हणत होती, गिलावाच असेल. वरचा थर सैल असतो कधीकधी. पण सैल गिलावा कसा वाजतो ते तिला माहीत होतं. तो पातळ वाजतो, टपटप, आणि सोलून येतो. आणि टवका तर आधीच उडालेला होता. कर्कटक गेलं ते गिलाव्यात नव्हे, खांबात गेलं होतं. ती चालता चालता एकदम थांबली, कारण तिला आठवलं की त्या खांबाचा एक तुकडा तिच्याकडे आहे. तिच्या टेबलावर. त्याच्यावर ती रोज पेनं ठेवते.

तुकड्याची गोष्ट अशी. हॉलचे खांब उभे राहिले तेव्हा बाबा एकदा तिला तपासणीच्या प्रयोगशाळेत घेऊन गेले होते. तिथे कपाटाएवढं एक यंत्र होतं, दाबणारं. बाबांनी समजावून सांगितलं की खांब काही फोडून बघता येत नाही, म्हणून खांब भरताना त्याच मालातून थोडा माल बाजूला काढून त्याचे ठोकळे करतात आणि ते फोडून बघतात. ठोकळा टिकला तर खांब टिकणार. तिथल्या माणसाने एक ठोकळा यंत्रात सरकवला. काटा फिरायला लागला, पुढे गेला, आणखी पुढे गेला, आणि मग मोठ्ठा आवाज होऊन एक कोपरा उडाला. "पास. आरामात पास," तो माणूस कागदावर लिहीत म्हणाला. तिने तो कोपरा उचलला आणि तिच्या अंगावर शहारा आला, कारण त्यावर अंगठ्याचा खळगा होता, आणि तो तिचा होता. "बाबा, हा माझा," ती ओरडली होती. बाबांनी आधी यंत्राकडे पाहिलं होतं. मग म्हणाले, "हो का? मग ठेव तुला. तुझ्या शाळेच्या खांबाचा तुकडा." किती मिरवला होता तिने तो. शाळेत नेऊन पेन्सिलला दाखवला होता. पेन्सिल म्हणाली होती, तुझा अंगठा इतका जाड आहे होय.

घरी आल्यावर तिने बूटही काढले नाहीत. टेबलावरचा तुकडा घेतला आणि त्यावर कर्कटकाने ओरखडा काढायला लागली. टोक सरकत होतं, किरकिरत होतं, शेवटी वाकलं. तुकड्यावर एक चमकदार रेघ तेवढी उमटली, तीही कर्कटकाच्याच लोखंडाची. ती खाली बसली. एकाच मालाचे खांब आणि ठोकळा. एक साबण, आणि एक हा. आणि आता, ज्या आठवणीकडे ती वाटभर बघायचं टाळत होती ती आपणहून समोर येऊन उभी राहिली. अंगठा उमटला कुठे होता? शाळेत नव्हे. टेपकाकांच्या आवारात.

टेपकाका म्हणजे ठेकेदार. पालिकेची बहुतेक कामं तेच करायचे. त्यांच्या कमरेला मोजायचा टेप असायचा आणि घरी आले की ते पहिल्यांदा तिला दाराच्या चौकटीशी उभं करून तिची उंची मोजायचे, पेन्सिलीने खूण करायचे आणि म्हणायचे, "ताई, वाढलात हं. आता आम्हाला वर मान करून बोलावं लागणार." इतर कोणी मोठं माणूस तिला ताई म्हणत नसे. तिला ते आवडायचं. त्या सुट्टीच्या सकाळी बाबा तिला त्यांच्या आवारात घेऊन गेले होते. पत्र्याच्या सावलीत बाबा आणि काका चहा पीत बसले होते आणि समोर उन्हात एक कामगार लोखंडी साच्यांच्या रांगेत माल भरत होता. माल चांगला काळसर होता, दाट, सिमेंटचं पोतं बाजूलाच रिकामं पडलेलं. तिने एका साच्यावर नुसता हात ठेवला तर अंगठा आत रुतला. कामगार अगं अगं करत आला. टेपकाका तिकडूनच हसले. "राहू दे रे. ताईंची सही झाली त्याच्यावर. आता कोण नापास करतो ते बघू." आणि बाबाही हसले होते. तिला ते हसू आता नीट दिसत होतं. कपाच्या मागचं, अर्धं. तिने विचारलं होतं, हे कशाचे ठोकळे? काका म्हणाले होते, "तुमच्याच शाळेच्या हॉलचे." परत येताना ते शाळेवरून आले होते, आणि आज जिथे हॉल आहे तिथे तेव्हा मुलं चेंडू खेळत होती. चेंडू स्कूटरला लागला होता. मैदान सपाट होतं. खड्डासुद्धा खणलेला नव्हता.

खोलीत ऊन तिरपं आलं होतं. तिने तो तुकडा उलटा करून ठेवला, अंगठा खाली जाईल असा. तरी तिला तो दिसत राहिला. सही तिची होती. यंत्राचा काटा पुढे गेला तो तिच्या ठोकळ्याने. तो पास झाला म्हणून खांब पास झाला, खांब पास झाला म्हणून उद्या सगळे वर चढणार. मोठ्या माणसाला हा विचार वेडा वाटेल. पण तिच्या वयाचं कोणी असेल तर त्याला कळेल की तो मुळीच वेडा नव्हता, आणि उठताना तिच्याबरोबर उठला.

ती उठून भिंती वाजवायला लागली. हे का, ते तिला सांगता आलं नसतं. आधी तिच्या खोलीची भिंत. मग बाहेरची. मग जिन्याजवळचा खांब. हे घर नवं होतं. ते बांधायच्या आधी ते एका भाड्याच्या जागेत राहायचे, जिथे आंघोळीला शेजाऱ्यांशी पाळी लावावी लागे आणि छतातून पांढरी भुकटी जेवणात पडे. मग हे घर झालं. टेपकाकांनी बांधून दिलं. खणखण, खणखण. ती पेराने वाजवत गेली आणि घर तिला उत्तर देत गेलं, प्रत्येक कोपऱ्यातून तेच, स्वच्छ, भरलेलं, खणखणीत. कुठेही बद्द नव्हतं. तिला वाटत होतं, कुठेतरी एक जागा सापडावी. एक तरी. आई आतून बाहेर आली, हात पुसत. "काय ठकठक लावली आहेस मघापासून? सुतारपक्षी झालीस का?"

"आई, आपलं घर पक्कं आहे ना?"

"पक्कं म्हणजे? तुझ्या काकांनी स्वतः उभं राहून बांधलंय. पाया असा घातलाय म्हणतात, की वर आणखी दोन मजले चढवले तरी हलणार नाही." आईच्या आवाजात जे होतं ते अभिमानाचं होतं, पण त्याखाली भुकटीच्या जेवणाची आठवणही होती, आणि मुलीला तिची कीव आली. "का गं? भूकंपाचा धडा आहे का शाळेत?"

"नाही," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "शाळेचं सिमेंट आणि आपलं सिमेंट एकच होतं?"

आईने तिच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. "बूट काढ आधी," ती म्हणाली. "घरभर वाळू केलीस."

बाबा आले ते टेपकाकांना बरोबर घेऊनच आले. काका उद्घाटनाच्या खुर्च्यांचं सांगायला आले होते, नगराध्यक्षांच्या शेजारी पालिकेचे मोठे साहेब, त्यांच्यामागे बाबा. आल्याआल्या त्यांनी कमरेचा टेप काढला. ती चौकटीशी उभी राहिली, कारण नेहमी उभी राहायची. टेपचं गार पातं तिच्या कानामागून वर सरकलं. काकांच्या बोटांना साबणाचा वास येत होता. "अरे वा. ताई, उद्या वर सज्ज्यात उभ्या राहणार म्हणे तुम्ही. एकदम टोकाला. फोटो झकास येईल."

"काका, तुम्ही कुठे बसणार?"

"मी?" ते खूण करत म्हणाले. "मी आपला दाराशी बरा. कामाचा माणूस. खुर्ची टोचते मला."

आई हसली. बाबा हसले नाहीत. ती बाबांकडे बघत होती म्हणून तिला दिसलं, नाहीतर दिसलं नसतं. बाबांनी मान वळवून दाराकडे पाहिलं, जणू तिथे खरोखर कोणी उभं आहे. मग ते पाणी प्यायला आत गेले आणि बराच वेळ आतच राहिले.

जेवण झालं. आई शेजारी गेली होती. बाबा तिच्या खोलीत आले आणि टेबलाशी उभे राहिले, आणि बोलायला काही नसलं की हाताला काहीतरी लागतं तसं त्यांनी तो तुकडा उचलला. उलटा केला. त्यांच्या अंगठ्याने खळगा झाकून गेला.

"शाळेच्या खांबाचा आवाज बद्द येतो," ती म्हणाली.

"गिलावा असेल."

"गिलावा टपटप वाजतो. तुम्हीच सांगितलं होतं." ती थांबली. "मी कर्कटक घातलं. आत गेलं. वाळू आली."

बाबा खाटेच्या कडेवर बसले. त्यांचं तोंड खिडकीकडे होतं, आणि बाहेर अंधार पडला होता, त्यामुळे काचेत तेच दिसत होते, अर्धे. तिला वाटलं, आता ते हातोडी घेतील. नेहमीसारखं म्हणतील, चल, बघून येऊ. इतकं सोपं होतं ते. शाळा जवळच होती. पण ते म्हणाले, "तू उद्या वर जाऊ नकोस."

तिला आधी वाटलं, नीट ऐकू आलं नाही.

"खाली माझ्याजवळ बस. मी बाईंना सांगतो, पाय मुरगळलाय म्हणून. जरा लंगडत चाल, झालं. एवढं ऐक माझं."

तर मघापासून, वाटेवर, टेबलाशी, भिंती वाजवताना, ती आत कुठेतरी ज्या एका गोष्टीला धरून होती, की बाबांना हे माहीत नाही, बाबांना फसवलंय, ती गोष्ट हातातून निसटली. बाबांना माहीत होतं. तिच्या आधीपासून. आणि तिच्याएवढंच, नव्हे, तिच्यापेक्षा नीट माहीत होतं. ते तिला वाचवत होते, म्हणजे वाचवण्यासारखं काहीतरी होतं.

"आणि पेन्सिल?" तिने विचारलं.

"कोण पेन्सिल?"

"माझ्या शेजारी उभी राहते ती."

बाबा तुकडा फिरवत राहिले. "काही होत नाही गं लगेच. इमारती अशा पडत नाहीत. वर्षानुवर्षं उभ्या राहतात. तू मात्र..." ते अडले. वाक्य कुठे जाणार ते त्यांनाच दिसलं असावं. मग ते हळू, ती आजारी असताना बोलायचे त्या आवाजात बोलायला लागले. "हे बघ. मी एकटा नाही यात. वरपासून खालपर्यंत सगळ्यांची ठरलेली वाटणी असते. मी सही केली नसती तर दुसऱ्याने केली असती, आणि मला कुठेतरी धूळ खात बसवलं असतं. आपण अजून त्या खोलीत असतो, तुझी आई ताटावर दुसरं ताट झाकत."

"मग आता सांगा ना."

"कोणाला? ज्यांना सांगायचं ते सगळे उद्या पहिल्या रांगेत आहेत." ते हसल्यासारखं करायला गेले. "आता सांगितलं तर पहिला मी जाईन. नोकरी जाईल. हे घर जाईल. तुला कळतं का, मी काय म्हणतोय?"

तिला कळत होतं. तिने भिंतीला हात लावला. गार, भरलेली भिंत. आणि ती भिंत ज्याची होती ते सिमेंट कुठून आलं होतं, हेही तिला आता कोणी सांगायला नको होतं. बाबांनी तुकडा टेबलावर ठेवला, सुलटा, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले. हात जड होता आणि नेहमीचाच होता. तेच तिला सहन होईना. हात बदलायला हवा होता.

सकाळी तिने लंगडण्याचा सराव केला नव्हता, त्यामुळे शाळेच्या फाटकाशी ती उजव्या पायाने लंगडली आणि हॉलच्या दाराशी डाव्या. गाण्याच्या बाईंच्या लक्षात आलं नाही. त्या म्हणाल्या, अरेरे, नेमकं आजच, आणि पुढे पळाल्या. हॉलमध्ये रंगाचा वास होता, फुलांचा होता, आणि त्याखाली ओल्या भुकटीचा एक वास होता, तिच्या जुन्या घराचा. ती बाबांशेजारी बसली. पुढे मोठे साहेब, त्यांच्या मानेवर पावडर. त्यांच्या शेजारी नगराध्यक्ष, गुडघा हलवत. टेपकाका दाराशीच उभे होते, खरोखरच, एक खांदा बाहेर. त्यांनी तिला बघून हात केला. मग जिन्यावर बूट वाजायला लागले. मुलं वर चढत होती. एकाच वेळी सगळे, ढकलत, हसत, आणि बाई खालून दटावत होत्या, हळू, हळू. ती मागे वळली नाही. तिने मान ताठ धरली आणि पाठीने ऐकलं. सज्जा भरत होता. तिला प्रत्येक पाऊल वेगळं ऐकू येत होतं. त्यातलं एक लांब आणि धसमुसळं होतं, ते टोकाला गेलं आणि थांबलं.

कोणीतरी भाषण करायला लागलं. शाळा म्हणजे उद्याचा पाया, असं काहीसं. बाबांचे हात मांडीवर होते, एकात एक अडकवलेले, आणि बोटांची टोकं पांढरी पडली होती. ती त्या हातांकडे बघत राहिली. ह्या हातांनी तिचं बोट धरून पुलाला टेकवलं होतं. बाबांनी पुन्हा पुन्हा वर, मागे, पाहिलं, खांबाकडे नाही, तिच्या रिकाम्या जागेकडे, आणि प्रत्येक वेळी त्यांचा श्वास थोडा सैल झाला. तिने ते मोजलं नाही, पण तिला ते ऐकू आलं. बद्द. बाबांचा श्वास बद्द वाजत होता. तेव्हा ती वळली. वर सगळे तोंड उघडायच्या तयारीत उभे होते, आणि टोकाला, पेन्सिल आणि खांब यांच्यामध्ये, एका मुलीएवढी फट होती. पेन्सिलने तिला पाहिलं, डोळे मोठे केले आणि हाताने खूण केली, ये ना. मग पायाकडे बोट दाखवून नाक मुरडलं, म्हणजे मला माहीत आहे तुझं लंगडणं.

ती उठली. बाबांचा हात तिच्या बाहीला लागला, पण धरला नाही. कदाचित धरायला गेला आणि लोक आहेत हे त्यांच्या लक्षात आलं. ती मधल्या वाटेने मागे गेली. लंगडायचं विसरली. दोन्ही पायांनी सरळ चालत ती टेपकाकांच्या समोरून गेली, ते काहीतरी म्हणाले, ताई असं काहीतरी, आणि ती जिना चढली. जिन्याचा कठडा हाताखाली किंचित हलला, हलायला नको होता. ओळीतल्या मुलांनी पोटं आत घेऊन तिला जागा दिली. "आलीस," पेन्सिल कुजबुजली. "पाय बरा झाला का, डॉक्टरीण बाई?" ती आपल्या जागी उभी राहिली. कालचं भोक तिथेच होतं. खाली जमिनीवर वाळूची लहानशी रास होती, कालच्यापेक्षा मोठी.

खाली भाषण संपलं. टाळ्या झाल्या, थांबल्या. गाण्याच्या बाईंनी पट्टी वर उचलली आणि हॉलमध्ये ती शांतता झाली जी गाण्याच्या आधी होते, सगळे श्वास आत घेतलेले. तिने खाली पाहिलं. इतक्या पाठमोऱ्या डोक्यांमध्ये एकच तोंड तिच्याकडे वळलेलं होतं, आणि ते किती लहान दिसत होतं. तिने त्याच्यावरून नजर काढली नाही. पट्टी खाली आली. ती गायली नाही. तिने हात वर केला, बोट दुमडलं, आणि खांबावर पेराने वाजवलं. आधी हलकं, मग जोरात. शिकवलं होतं तसंच, घाई न करता. ओळीतले आवाज एकेक करून अडखळले आणि बंद पडले. बाईंनी वर पाहिलं. पहिल्या रांगेतली डोकी वळायला लागली. तिने खांबाला कान लावला आणि डोळे मिटले.

खाली, मोठ्या साहेबांच्या मागच्या रांगेत, एक खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

तिने डोळे उघडले नाहीत. कान तसाच ठेवून तिने पुन्हा वाजवलं.